रुडकीला जाण्याआधी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बोलायला गेले की बाबा, तुम्ही "बरं, बरं" म्हणून फोन आईकडं देता, आणि आई जेवलीस का विचारते. जे सांगायचं ते राहून जातं, म्हणून लिहितेय. चष्मा लावून वाचा आणि आईलाही मोठ्यानं वाचून दाखवा. रागवायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून मग रागवा.

मी राजीनामा दिलाय. जुलैत उत्तराखंडातल्या रुडकीच्या आयआयटीत एम.टेक.ला जातेय, जलविज्ञान विभागात. जागा स्वीकारली, पैसेही भरले. माघात जोतिबाच्या खेट्याला आले नाही, ऑफिसचं काम आहे म्हणाले, त्या रविवारी मी पुण्यात गेटचा, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेशपरीक्षेचा पेपर देत होते. आई, गुडघा दुखत असताना तू एकटी पायी डोंगर चढलीस, हे मला नंतर वहिनीकडून कळलं. परीक्षेत काही जमलं नसतं तर तुम्हाला उगाच घोर लागला असता, म्हणून बोलले नाही. तरी लपवायला नको होतं.

बाबा, तुमचं म्हणणं मी विसरले नाही. मास्टर्सच करायचं तर एमबीए कर, पगार तरी वाढेल. चौकशी केली होती मी. एमबीएला कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो, ५० टक्के गुण लागतात, राखीव जागांना ४५, आणि कॅट किंवा राज्याची सीईटी द्यायची. पण त्यात माझ्या सिव्हिलचा काय उपयोग? मला पाणीच शिकायचंय. एम.टेक.चं तसं नाही. तिथं बी.ई.ची शाखा जुळावी लागते, पदवीला निदान ६० टक्के आणि वर गेटचा गुणांक. एकदा मिळालेला गुणांक तीन वर्षं चालतो आणि वयाची अट नाही. चौतिसाव्या वर्षी कोण घेणार, ही आईची काळजी म्हणून तिथंच मिटते.

एम.एस.चाही विचार केला होता. काकूंना एम.एस. म्हणजे सर्जन वाटलं. त्यांचंही बरोबर आहे, डॉक्टरांचं एम.एस. एमबीबीएसनंतर नीट-पीजी देऊन होतं. अमेरिकेत मात्र इंजिनिअरच्या मास्टर्सलाही एम.एस.च म्हणतात. आपल्या काही आयआयटींतही एम.एस. आहे, पण त्यात वर्गातले विषय कमी आणि संशोधन जास्त, प्रबंध होईपर्यंत वेळही जास्त जातो. मला दोन वर्षांत परत यायचंय, म्हणून ते घेतलं नाही.

दादा जर्मनी म्हणत होता. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही हे खरं, पण व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच खात्यात अडकवून ठेवावे लागतात. तेवढे पैसे मी कसेही उभे केले असते. पण तुमच्या अँजिओप्लास्टीनंतर मला समुद्रापलीकडं जायचंच नव्हतं. रुडकी लांब असली तरी दिल्लीहून रात्रीतून निघाले तर दुसऱ्या दिवशी घरी पोचते.

आणि शिवाजी विद्यापीठ घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे, तिथंच का शिकत नाहीस, असं तुम्ही म्हणाल. त्याला कमी लेखत नाही, माझी पदवी तिथलीच आहे. पण मला जे शिकायचंय त्यासाठी रुडकीत १९७२ पासून जलविज्ञान शिकवतायत. पाऊस किती पडला, नदी किती चढणार, धरणातून किती सोडायचं, हे आकड्यांनी आधी सांगता यावं, एवढंच मला हवंय.

तुम्हाला आठवतं का? मी पाचवीत असेन. पाटबंधारे खात्याची तुमची सायकल, दांडीवर मी, तुमच्या रेनकोटच्या आत डोकं घालून बसलेली. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर तुम्ही मला उचलून पाणी मोजायच्या पट्टीवरचा आकडा वाचायला लावायचात. चुकले तर पुन्हा वाचायला लावायचात. आख्खं कोल्हापूर "पाणी किती फुटावर?" विचारत असायचं आणि ते सगळ्यांत आधी मला कळायचं. २०१९ ला आपल्या शुक्रवार पेठेत पाणी शिरलं, पट्टी ५५ फुटांच्या वर गेली, आणि तुम्ही माळ्यावर बसून मला फोनवर फूट-इंच सांगत होता. आईचा कपाटातला शालू चिखलात गेला, त्यावर आई आजवर एक शब्द बोलली नाही. २०२१ ला परत तेच. तेव्हापासून माझं ऑफिसच्या कामात मन नाही.

रुडकी तुम्हाला आवडेल बघा. गावातून गंगेचा कालवा वाहतो, १८५४ मध्ये सुरू झालेला. त्याच्या कामाला माणसं हवीत म्हणून तिथं १८४७ मध्ये इंजिनिअरिंग कॉलेज काढलं, आजची आयआयटी तीच. सोलानी नदीवरून तो कालवा पुलावरून नेलाय, खाली नदी आणि वर कालवा. थंडीआधी तुम्हा दोघांना नेऊन दाखवणार, तिकिटं मी काढते.

पैशाची काळजी करू नका. गेटवर आलेल्यांना महिन्याला १२,४०० रुपये मिळतात, त्याबदल्यात आठवड्याला आठ तास विभागाचं काम. घराच्या दुरुस्तीचा हप्ता माझ्या खात्यातूनच जाईल, आधीसारखा. आई, हॉस्टेलला मेस आहे, पण कांदा-लसूण चटणीची बरणी आणि तुझी वाकळ एवढं दे. तिकडं थंडी फार असते म्हणतात.

धाकटीला एक सांगा. बी.एस्सी. तीन वर्षांवर सोडू नकोस म्हणावं. चार वर्षांची ऑनर्स पदवी केली तर नव्या धोरणाप्रमाणं एम.एस्सी. एका वर्षात होते. आयआयटीत एम.एस्सी.ला जायचं तर त्याची प्रवेशपरीक्षा, जॅम, आत्तापासून बघ.

आता नीट ऐका. मी नेमकी जुलैत जातेय, तुमच्या दाराशी पाणी यायच्या दिवसांत. हेच मला सगळ्यांत जास्त लागलंय. बाबा, गोळ्यांची डबी आणि घराचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून दाराजवळच्या खुंटीला अडकवा, आजच. गहू-तांदळाचे डबे माळ्यावर चढवायला दादाला बोलवा, तुम्ही स्टुलावर चढायचं नाही. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याचं ऐकलं की सामान बांधायला घ्या. पट्टी ३९ फुटांना, इशारा पातळीला गेली की त्याच दिवशी राजारामपुरीत मावशीकडं जायचं. ४३ ची, धोक्याच्या पातळीची वाट बघायची नाही. "अजून चार फूट आहेत" हे तुमचं मी ऐकणार नाही, तुम्ही बंधाऱ्यावर तीस वर्षं काढली असलीत तरी.

आणि रोज सकाळी, चहा झाला की, मला पातळी कळवत जा. फूट आणि इंच दोन्ही.

तुमची,
बाळी