जबडा मोडून खेळला, पण पुढचं कोण सांगणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सध्या आमच्या कबड्डीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जॉन सॅटलरची गोष्ट फिरून राहिली आहे. ऑस्ट्रेलियाचा रग्बी लीगवाला, साउथ सिडनीचा कॅप्टन, प्रॉप, म्हणजे पुढच्या फळीत टकरा घेणारा गडी. गाव कुरी कुरी, आपल्या उमरेडसारखंच कोळशाचं. 1970 ची फायनल, समोर मॅन्ली, पहिल्या 10 मिनिटांतच त्यांच्या जॉन बकनलचा ठोसा बसला अन् जबडा मोडला, तर हा बाप्पा बाहेर गेलाच नाही, सोबत्याला म्हणे मला धरून उभा ठेव, त्यांना कळू देऊ नको, आणि उरलेली 70 मिनिटं तसाच खेळला, 23-12 नं मॅच जिंकली, विजेत्याची ढाल घेतली, भाषणही ठोकलं आणि मग दवाखान्यात गेला. मैदानाबाहेर इतका नम्र की नावच पडलं जंटलमन जॉन, आत मात्र रेफ्रीनं कितीदा तरी बाहेर काढलेला! कॅप्टन म्हणून 1967, 1968, 1970, 1971 असे चार किताब. वाचून अंगावर काटा येतो, खोटं काहून बोलू.

पण ग्रुपवरचा तो फॉरवर्ड मेसेज इथंच संपतो नं. त्याच जबड्यापायी त्याचा त्याच वर्षीचा वर्ल्ड कप हुकला हे त्यात नाही. म्हातारपणी स्मृतिभ्रंश झाला आणि 2023 मध्ये ऐंशीव्या वर्षी गेला, हेही नाही. तो आजार मारामुळेच झाला असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही, पण आज तिथल्या लीगमध्ये डोक्याला मार लागल्याचा संशय आला की खेळाडूला 15 मिनिटं बाहेर नेऊन तपासतात, डॉक्टर नाही म्हणाला की कॅप्टन असो की कोणी, मॅच संपली त्याच्यासाठी.

आणि आपल्याकडे? मागच्या हिवाळ्यात महालातल्या एका स्पर्धेत पकडीत पोराचं डोकं आपटलं, उठला तर आपलाच कोर्ट कोणता ते कळेना त्याला, तरी तोंडावर पाणी मारलं अन् पुढच्या चढाईला पाठवला, वरून पब्लिकच्या टाळ्या. डॉक्टर शोधला तर मंडपात फक्त बर्फ अन् स्प्रे, डॉक्टर म्हणे फोनवर आहे!

आयोजकांनी पत्रिकेवर पाहुण्यांची यादी छापता छापता मैदानावर डॉक्टर कोण राहणार तेही छापावं, आणि त्यानं खेळाडूला बसवलं तर कोचनं वाद घालायचा नाही असा नियम प्रवेश अर्जातच टाकावा. हिवाळी स्पर्धांच्या आधी आपण हे पत्र छापलं तर बरं होईल.

एक जुना रेडर, महाल, नागपूर