रविवारच्या बैठकीची आठवण

सभासद मित्रमैत्रिणींनो, नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता नेहमीच्या जागी जमायचे आहे. विषय १६११चे इंग्रजी बायबल, पण सुरुवात त्याआधीचा भाषांतरकार विल्यम टिंडल याच्यापासून करू. त्याचा इंग्रजी नवा करार (बायबलचा ख्रिस्ताविषयीचा भाग) १५२६ मध्ये जर्मनीतल्या वर्म्स गावी छापला गेला आणि चोरून इंग्लंडात पोचला. मूळ ग्रीक शब्दासाठी त्याने ‘चर्च’ऐवजी ‘काँग्रिगेशन’ (जमलेले लोक) लिहिले. (आपल्या मराठी बायबलातही ‘मंडळी’च आहे!) धर्मसत्तेला ही निवड फार झोंबली. १५३६ मध्ये त्याला गळा आवळून मारले आणि देह जाळला. तरी १६११चे बायबल तयार करणाऱ्या राजा जेम्सच्या विद्वानांनी त्याची कितीतरी वाक्ये जवळजवळ तशीच ठेवली. इतिहास आणि धर्म बाजूला ठेवून ही भाषा वाचता येईल, असे मला तरी वाटत नाही.

‘उत्पत्ती’ या बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा पहिला अध्याय टिंडलच्या आणि १६११च्या अशा दोन्ही भाषांतरांतून वाचून या, शक्यतो मोठ्याने. शेवटी गोव्यात राहिलेल्या इंग्रज फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६च्या मराठी ‘क्रिस्तपुराणा’तल्या काही ओव्या वाचू.

ज्यांना जमणार नाही त्यांनी शनिवारपर्यंत कळवावे. छापील प्रती तेवढ्याच काढायच्या आहेत.