मंत्रिमहोदय, माझ्या यंत्राला स्टार रेटिंग नाही म्हणे!

मा. मंत्रिमहोदय यांसी,
स. न. वि. वि.

आपले नाव आणि खाते मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिले की कार्यकर्ते अंगावर येतात, आणि खात्याचे काय, हे पत्र आपल्यापर्यंत पोचेपर्यंत ते बदललेलेही असेल. पण आपण कोण हे आपल्याला कळेल. औद्योगिक प्रदर्शनात माझ्या स्टॉलवर कोल्ड्रिंकचा अॅल्युमिनियमचा डबा हात न लावता चिरडताना पाहून "अरे वा!" म्हणणारे मंत्री महाराष्ट्रात फार नसावेत.

गेल्या सोमवारी आपल्या योजनेच्या पोर्टलवरून मला संदेश आला. "आपला अर्ज त्रुटीपूर्ण असल्याने निकाली काढण्यात आला आहे." त्रुटी अशी की उत्पादनाला ऊर्जा-बचतीचे स्टार रेटिंग प्रमाणपत्र जोडलेले नाही. साहेब, मी फ्रिज बनवत नाही. सांगलीजवळच्या कुपवाडच्या एमआयडीसीत पत्र्याच्या शेडमध्ये मी चुंबकीय पल्सने धातू जोडणारे यंत्र बनवतो. दहा हजार व्होल्टवर भरलेले कपॅसिटर (वीज साठवणारे डबे) एका कॉइलमध्ये डोळ्याचे पाते लवायच्या आत रिकामे करायचे, हे त्याचे काम. याला किती तारे द्यायचे?

हे घडले कसे तेही सांगतो. अर्जात 'उत्पादनाचा प्रकार निवडा' अशी यादी आहे. त्यात पंखा, पंप, मिक्सर, एलईडी दिवे, सोलर असे सगळे आहे. 'इतर' निवडले की पान पुढे सरकतच नाही. हेल्पलाइनला फोन केला तर पलीकडची मुलगी म्हणाली, "काका, जवळचं काहीतरी टाका ना." जवळचे म्हणजे 'घरगुती विद्युत उपकरणे'. तेच टाकले. मग छाननी समितीला ते घरगुती वाटले आणि त्यांनी तारे मागितले. सोबत चाळीस पानी प्रकल्प अहवाल होता, कॉइलची ड्रॉइंग होती, मधोमध कापलेल्या जोडांचे फोटो होते. त्यातले एक पान जरी कुणी उघडले असते तरी दहा किलोव्होल्टचे घरगुती उपकरण पाहून त्याला घाम फुटला असता.

आपल्याला त्या दिवशी समजावून सांगायला वेळ मिळाला नाही, फोटोग्राफर घाईत होते. म्हणून इथे लिहितो. माझ्या कपॅसिटर बँकेत वीस किलोज्यूल ऊर्जा साठते. विजेच्या बिलात ती पाच पैशांची सुद्धा धड होत नाही. पण ती वीस मायक्रोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या पन्नास हजाराव्या भागात बाहेर पडते, तेव्हा तेवढ्या क्षणापुरती शक्ती हजार मेगावॉटच्या घरात जाते. आख्ख्या कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट आहे. कॉइलमधून तीन-चार लाख अँपिअरचा झटका जातो, आतल्या अॅल्युमिनियमच्या नळीत उलट दिशेचा प्रवाह तयार होतो, दोन्ही चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना ढकलतात आणि नळी सेकंदाला दोनशे-तीनशे मीटर वेगाने आतल्या तांब्याच्या दांड्यावर आदळते. ज्वाला नाही, वेल्डिंग रॉड नाही, धूर नाही. दोन धातू थंड असतानाच एकजीव होतात.

तांबे आणि अॅल्युमिनियम वितळवून जोडायला गेलात तर मधे ठिसूळ थर तयार होतो. नुसते दाबून जोडलेत तर गरम-गार होताना दोन्ही वेगवेगळे फुगतात, जोड सैल पडतो, त्यात पावसाचे पाणी मुरते, गंज चढतो, जोड तापतो. आमच्या भागात डीपी जळायला सुरुवात बऱ्याचदा अशीच होते, एका लगपासून, म्हणजे तारेच्या टोकाच्या धातूच्या जोडतुकड्यापासून. मग ऐन उन्हाळ्यात ऊस वाळायला लागतो, शेतकरी वर्गणी काढतात आणि जळालेला ट्रान्सफॉर्मर स्वतःच्या ट्रॅक्टरवर घालून दुरुस्तीला नेतात. मी हे लहानपणापासून पाहत आलोय. माझ्या शोधाचे मूळ तिथे आहे, कुठल्या परदेशी मासिकात नाही.

हे शास्त्र नवे आहे असा माझा दावा नाही. एर्विन मार्क्स या जर्मन माणसाने १९२४ साली कपॅसिटर समांतर भरायचे आणि स्पार्क गॅपमधून (ठिणगी उडेल एवढ्या फटीतून) एकसरीत सोडायचे ही युक्ती काढली, ती आजही जगभरच्या लॅबमध्ये वापरतात. विमाने बनवणाऱ्या डॉर्निअर कंपनीच्या यंत्राने पाण्याखाली ठिणगी पाडून म्युनिकमध्ये १९८० साली माणसाच्या मूत्रपिंडातला खडा पोटाला चिरा न देता फोडला. आपल्याकडे ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्राने 'काली' नावाचा इलेक्ट्रॉन प्रवेगक उभा केला. व्हॉट्सअॅपवर तो शत्रूची क्षेपणास्त्रे जाळतो आणि हिमकडे सुद्धा पाडतो, ते सोडा. पण पल्स पॉवरचे, म्हणजे साठवलेली वीज क्षणात सोडण्याचे, ज्ञान या देशात आहे, मुंबईतच आहे. ते कुपवाडच्या शेडपर्यंत यायला कोणता घाट आडवा येतो तेवढे सांगा.

आता त्या दिवशीच्या शब्दाबद्दल. आपण माईक हातात घेऊन म्हणालात की "अशा तरुण संशोधकांसाठी" (मी साठीला आलोय, पण असो) या विभागात हाय व्होल्टेज चाचणी केंद्र सहा महिन्यांत सुरू करू. टाळ्या झाल्या. सहा महिने कधीच उलटले. परवा पेपरात वाचले की त्याच जागेवर आता बहुउद्देशीय सभागृह होणार आहे. होऊ द्या. उद्‌घाटनाला जागा लागतेच.

पण चाचणी केंद्राशिवाय माझे काय अडते ते ऐका. वीज कंपनीला माझ्या यंत्रावर जोडलेला लग विकायचा तर टाइप टेस्टचा दाखला लागतो, आणि तो लागायलाच हवा. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे जोड हजार वेळा तापवून थंड करायचा, मधे शॉर्ट सर्किटचे सहा झटके द्यायचे आणि तरी त्याचा रोध मर्यादेपलीकडे वाढता कामा नये. ही चाचणी महिनोन्‌महिने चालते. ती राज्याबाहेर करून घ्यायची तर फी लाखांत, तारीख पुढच्या वर्षीची, नमुने आपल्या टेम्पोने न्यायचे. मोठ्या कंपनीला हे परवडते. माझ्याकडे कामाला दोन पोरे आणि एक वाईंडर (कॉइल गुंडाळणारा) आहे.

दाखला मिळाला असे धरून चालू. मग टेंडर. टेंडरमध्ये अट असते, "याच वस्तूचा गेल्या तीन वर्षांत पुरवठा केल्याचे दाखले जोडावेत." अहो, वस्तू नवी आहे! तीन वर्षांपूर्वी ती अस्तित्वातच नव्हती, तर मी ती कुणाला पुरवणार होतो? लघुउद्योगांना अनुभवाची अट शिथिल असल्याचे परिपत्रक दाखवले तर बाबू म्हणतात, ते ऐच्छिक आहे. इच्छा कुणाची, ते विचारायचे नसते. शेवटी चाकणकडच्या एका कारखान्याने असेच यंत्र परदेशातून काही कोटींना आणले. त्यावर त्यांना भांडवली अनुदानही मिळाल्याचे ऐकतो. मी त्यांना पाचव्या हिश्शाच्या किमतीत कोटेशन दिले होते. "तुमच्याकडे रेफरन्स कस्टमर नाही," म्हणाले.

आणि कपॅसिटरचे दुखणे वेगळेच. कमी इंडक्टन्सचे, म्हणजे प्रवाह झटकन सोडणारे, मोठा झटका सोसणारे कपॅसिटर इथे सहज मिळत नाहीत. बाहेरून मागवावेत तर तिथला विक्रेता पहिला प्रश्न विचारतो की अंतिम वापर काय. कारण असे कपॅसिटर आणि ट्रिगर्ड स्पार्क गॅप (हव्या त्या क्षणी ठिणगी पाडणारे स्विच) अणुबॉम्बच्या ट्रिगरलाही लागतात आणि त्यांच्यावर निर्यात नियंत्रण आहे. त्यांचे चुकत नाही. मुतखड्याच्या यंत्रासाठी म्हणून मागवलेले स्पार्क गॅप पाकिस्तानच्या वाटेला लावल्याचे प्रकरण २००४ साली अमेरिकेत उघडकीला आलेलेच आहे. म्हणून सरकारी शिक्क्याचे अंतिम वापर प्रमाणपत्र मागतात. ते इथे कोण देते हे शोधण्यात माझा एक हिवाळा गेला. एका टेबलावर विचारले, "बॉम्ब बनवता का?" नाही म्हटल्यावर पुढचा प्रश्न होता, "मग आमच्याकडे कशाला आलात?"

साहेब, आपल्याला वाटत असेल, हा माणूस नुसता रडतोय. रडतोच आहे. बँकेत शेड गहाण आहे. सीसीची (कॅश क्रेडिट कर्जाची) मर्यादा फेब्रुवारीपासून पूर्ण वापरलेली आहे. यंत्र चालो न चालो, विजेचा डिमांड चार्ज भरावाच लागतो. एका बड्या कंपनीकडे केलेल्या कॉइलच्या कामाचे पैसे अजून अडकलेत. लघुउद्योगाचे पैसे पंचेचाळीस दिवसांत द्यावेत असा २००६ चा कायदा आहे हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही. तक्रार केली तर पुढचे काम जाईल हेही दोघांना माहीत आहे. उजव्या कानात सतत शिट्टी वाजते. डिस्चार्जचा आवाज बंदुकीसारखा असतो आणि कॉइल फुटते तेव्हा त्याहून वाईट. बायको आता मला डाव्या बाजूने हाक मारते.

आणि भीतीही आहे, ती कुणाला दिसत नाही. हा कपॅसिटर रिकामा केला तरी पूर्ण रिकामा होत नाही. अर्थिंग रॉड टेकवायचा, ठक्कन ठिणगी पडते, मनात येते की झाले. रॉड काढून चहा प्यायला गेलात की आतल्या थरात राहिलेला भार हळूहळू वर येतो आणि टर्मिनलवर पुन्हा काही शे व्होल्ट उभे राहतात. म्हणून आमच्याकडे रॉड टेकवून तसाच टांगलेला ठेवतात आणि पोरे घरी जायच्या आधी मी स्वतः तो बघून येतो. सुरक्षा तपासायला आलेल्या साहेबांनी अग्निशामक नळकांड्याची तारीख बघितली आणि विचारले, "या काठीला जीएसटी किती?"

१८९५ च्या सुमारास जगदीशचंद्र बोसांनी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये ठिणगीतून निघालेल्या लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू उडवली. त्या लहरी समोर बसलेल्या लेफ्टनंट गव्हर्नरच्या अंगातून आरपार गेल्या असे सांगतात. म्हणजे परक्या सरकारचा गव्हर्नर निदान प्रयोगाच्या मधे बसून राहिला! आपले सरकार फोटो झाला की निघते.

मागे आपण भाषणात म्हणालात की देशात एका वर्षात लाखभर पेटंटे दिली गेली. २०२३-२४ चा आकडा तेवढाच आहे, मान्य. त्या लाखांतले एक माझ्या शेडमध्ये टांगलेले आहे. पेटंट कार्यालय ठरावीक काळाने विचारते की हा शोध भारतात वापरात आहे का. मी दर वेळी 'नाही' लिहितो आणि वर नूतनीकरणाची फी भरतो. हा देश संशोधनावर जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च करतो; दक्षिण कोरिया पाच टक्क्यांच्या आसपास करतो. आता म्हणे संशोधनासाठी एक लाख कोटींचा निधी मंजूर झालाय. वाटप कोण करणार, तर मोठे फंड. ते कुणाला देणार, तर आधीच ज्याच्याकडे आहे त्याला. आमच्यासारख्यांच्या वाट्याला कार्यशाळा येते, 'नवोन्मेष' या विषयावर, जेवणासह. वक्ते पॉवरपॉइंट लावतात आणि अपयशाला घाबरू नका म्हणून सांगतात. अपयशाला कोण घाबरतो हो? आम्ही मार्चएंडला घाबरतो.

सोडा. मला काय हवे ते सांगून संपवतो, नाहीतर म्हणाल मागणीच केली नाही. चाचणी केंद्र नको, सभागृहच बांधा. पण ज्या सरकारी तंत्रनिकेतनांत आणि इंजिनिअरिंग कॉलेजांत इम्पल्स जनरेटर (उच्च दाबाचा झटका देणारी यंत्रे) धूळ खात पडलेत, ते लघुउद्योजकाला तासाच्या भाड्याने वापरू द्या. माझे शंभर लग एका तालुक्यातल्या शंभर डीपींवर लावून दोन पावसाळे बघा. जळाले तर पैसे देऊ नका. आणि अर्ज वाचायला असा एक माणूस बसवा ज्याला व्होल्ट आणि वॉट यातला फरक कळतो. पदवीधर नसला तरी चालेल, आयटीआयवाला वायरमन बसवा.

पुढच्या महिनाअखेरीस बँकेचे नूतनीकरण आहे. तोवर काही झाले नाही तर कपॅसिटर बँक विकणार आहे. दोघे बघून गेलेत. एक गुजरातचा आहे, त्याला यंत्र चालवायचे आहे. दुसरा भंगारवाला आहे, त्याला तांब्याचा भाव जास्त माहीत आहे. अजून तरी भंगारवाल्याचा आकडा मोठा आहे.

आपला,
कुपवाडचा एक लघुउद्योजक

ता. क. : अर्जासोबत भरलेले प्रक्रिया शुल्क परत मिळते असे नियमावलीत लिहिले आहे. पोर्टलवर 'परतावा' या बटणावर क्लिक केले की पुन्हा 'उत्पादनाचा प्रकार निवडा' हेच पान उघडते. कृपया तेवढे तरी बघून घ्यावे.