पाहुणीला नागपूरचा वसंत दाखविणाऱ्या सरांस

नागपूर,
चैत्र शुद्ध प्रतिपदा

आदरणीय सर,

सादर प्रणाम.

हे पत्र आपल्या घरी येऊन हातात द्यावे, असे आधी मनात होते. पण आपण ते वाचून, नीट घडी करून एखाद्या जाडजूड ग्रंथात ठेवून द्याल आणि विषय तिथेच मिटवाल, हे इतक्या वर्षांच्या शेजारामुळे मला ठाऊक आहे. म्हणून आपल्या संकोचाची आगाऊ क्षमा मागून ते जाहीरपणे लिहिते आहे. विद्यार्थी विनिमय योजनेतून आमच्या घरी राहायला आलेल्या फिनलंडच्या मुलीसाठी माघ-फाल्गुनात आपण आणि काकूंनी जे केले, ते आपल्या वस्तीतल्या लोकांना तरी कळावे, अशी माझी इच्छा आहे.

ही मुलगी जानेवारीत आमच्याकडे आली तेव्हा घरातले वातावरण पाहुण्यासाठी मुळीच अनुकूल नव्हते. आमच्या लेकीची बारावीची परीक्षा तोंडावर आलेली, दूरदर्शन संच कापडाखाली झाकलेला, आम्ही दोघेही नोकरीवर आणि सासरेबुवा दुपारभर वर्तमानपत्रात डोके घालून बसलेले. बोर्डाची परीक्षा असलेल्या घरात पाहुण्यांची काय अवस्था होते, हे महाराष्ट्रात तरी कोणाला समजावून सांगायला नको. पहिल्याच शनिवार-रविवारी आम्ही तिला गाडीतून झिरो माइलचा स्तंभ, दीक्षाभूमी, महाराजबाग आणि फुटाळ्याचा तलाव असे सगळे दाखवून आणले, आणि सोमवारी सकाळी नागपूर पाहून झाले, आता पुढे काय, असा प्रश्न तिच्यापुढे आणि आमच्याही पुढे उभा राहिला. सासऱ्यांनी अंबाझरी तलावाच्या बांधावर फिरताना ही अडचण सहज आपल्या कानावर घातली. त्याच संध्याकाळी आपला निरोप आला: उद्या सकाळी सहाला फाटकापाशी, पायात बूट, सोबत वही आणि पेन्सिल.

आपण तिला नवीन असे काहीच दाखवायला नेले नाही, आणि आपले खरे उपकार मला तिथेच दिसतात. जी ठिकाणे आम्ही दोन दिवसांत उरकली होती, तिथेच आपण तिला पुन्हा पुन्हा नेले. अंबाझरीच्या काठचे, सेमिनरी हिल्सच्या वाटेवरचे आणि महाराजबागेतले काही वृक्ष तिला निवडायला लावले. प्रत्येक फेरीत त्या झाडांवर पाने किती उरली, कळी धरली का, फूल उमलले का, शेंग दिसते का आणि फांदीवर कोण येऊन बसले, याची तारखेसह नोंद ठेवायला सांगितले. ती वही आज माझ्यासमोर आहे. पहिल्या पानांवर 'बदल नाही' एवढाच शेरा वारंवार आढळतो. महाशिवरात्रीच्या सुमारास मात्र एकेका झाडाला अर्धे पान पुरेनासे झालेले दिसते.

तिच्या देशात फेब्रुवारी-मार्च म्हणजे गोठलेली तळी. १ लाख ८० हजारांहून अधिक तळी असलेल्या त्या देशात या दिवसांत लोक बर्फावरून चालत तळ्याच्या मध्यावर जातात, बर्फाला भोक पाडून मासे धरतात, आणि बर्चच्या झाडांना पालवी फुटते ती मे महिन्यात. वसंत म्हणजे पाने येणे, हे गणित मनात पक्के असलेल्या मुलीला इथे भर वसंतात रस्ताभर वाळलेली पाने उडताना पाहून झाडांना रोग पडला आहे की काय, अशी शंका आली होती. आपण तिला त्याचे उत्तर थेट सांगितले नाही. एकाच रस्त्यावरच्या साग, पळस आणि पिंपळ या तीन झाडांखाली आळीपाळीने उभे केले आणि पंधरवडाभर पाहायला लावले. साग पाने टाकून जवळजवळ पावसाळ्यापर्यंत तसाच बोडका राहतो. पळस पाने झडली की उघड्या फांद्यांवर फुलांनी पेटतो. पिंपळ मात्र जुनी पाने गाळता गाळताच तांबूस, पारदर्शक पालवी धरतो. पावसाला अजून तीन-चार महिने असताना. थंड देशात झाड पाने गाळते ते गोठलेल्या जमिनीतून पाणी मिळत नाही आणि प्रकाशही आटतो म्हणून. आपल्याकडे पुढे येणाऱ्या उन्हाळ्यात पानांवाटे पाणी उडून जाऊ नये म्हणून. कारण दोन्हीकडे पाण्याचेच, फक्त ऋतू उलटा, हा निष्कर्ष तिने वहीत स्वतः लिहिला आहे आणि त्याखाली आपली स्वाक्षरी आहे.

पिंपळासाठी आपण तिला दीक्षाभूमीवर नेले, हेही मला फार आवडले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे धम्मदीक्षा घेतली, हे आम्ही तिला आधी सांगितले होते आणि स्तूपासमोर छायाचित्रही काढले होते. परंतु तिथला बोधिवृक्ष श्रीलंकेतील अनुराधापूरच्या बोधिवृक्षाच्या रोपांपासून वाढलेला आहे, हे सांगून आपण तिला त्याच्या नव्या पालवीपुढे बराच वेळ उभे केले, तेव्हा ती जागा तिच्या लक्षात कायमची राहिली.

पळसाविषयी मात्र थोडे सविस्तर लिहायलाच हवे. गोरेवाड्याच्या बाजूला खाली पडलेले एक ताजे फूल आपण तिच्या तळहातावर ठेवले आणि ते नखाने हळूच उलगडून दाखवले: मखमली, काळपट-हिरवा पेला, मागे वळलेली मोठी पाकळी, बाजूच्या दोन, आणि चोचीसारख्या बाकदार, नावेच्या आकाराच्या पाकळ्यांत दडलेले पुंकेसर. तळाशी मधाचा थेंब होता. तो पिण्यासाठी डोके आत घालणाऱ्या पक्ष्याच्या कपाळाला पराग लागतो आणि तो पुढच्या फुलापर्यंत पोहोचतो, हे आपण सांगत असतानाच वरच्या फांदीवर साळुंक्यांची आणि कोतवालांची भांडणे चालू होती, असे तिने नोंदवले आहे. झाडावरचे फूल तोडायचे नाही, हा आपला दंडक तिने इतका मनावर घेतला आहे की, आमच्या गच्चीवरचा मोगरा देवासाठी तोडतानाही आता मला तिच्याकडे चोरून पाहावे लागते. होळीच्या आधी काकूंनी तिच्याकडून पडलेली फुले गोळा करून घेतली, सुकवली, रात्रभर पाण्यात भिजवली आणि दुसऱ्या दिवशी त्या पिवळ्या पाण्यात चिमूटभर चुना टाकून ते गडद नारिंगी कसे होते, ते दाखवले. यंदा आमच्या गल्लीत बऱ्याच वर्षांनी पळसाच्या रंगाने धुळवड झाली. 'पळसाला पाने तीनच' ही म्हणही तिने आपल्याकडूनच उचलली असून बस उशिरा आली, वीज गेली किंवा वरण खारट झाले, तरी ती आता हेच म्हणते. वरणाच्या बाबतीत ते मला मान्य नाही.

काटोलकडच्या आपल्या आप्तांच्या संत्राबागेतला रविवार हा तिच्या मते साऱ्या मुक्कामातला सर्वांत चांगला दिवस. नागपूरची संत्री म्हणजे बाजारात रचलेले ढीग, एवढेच तिला ठाऊक होते. बागेच्या एका भागात मृग बहराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला आलेल्या फुलांची, फळे तोडणीला आलेली आणि शेजारच्या तुकड्यात आंबिया बहराची, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीस येणारी, पांढरी फुले लागलेली, असे दोन्ही तिने एकाच बांधावरून पाहिले. हिवाळ्यात पाणी तोडून बागेला ताण द्यायचा, झाड विश्रांतीत जाऊ द्यायचे आणि मग ताण सोडून पाणी दिले की बहर फुटतो, हे बागायतदारांनी तिला समजावून सांगितले, आणि आपण ते वाक्यावाक्याने इंग्रजीत करून दिले. आमच्या लेकीला ती त्या रात्री म्हणाली की, परीक्षेचा ताणही असाच सोडता येत असता तर बरे झाले असते. लेकीला हसू आलेले आम्ही कित्येक आठवड्यांनी पाहिले.

पण ज्याची आठवण ती आपल्या देशातही सांगत राहील, तो एक अगदी सामान्य दिसणारा पक्षी आहे. अंबाझरीच्या मागच्या झुडपांत 'चक्, चक्' असा कोरडा आवाज येत होता. दुर्बिणीतून दिसला तो मातकट तपकिरी, भुवईपाशी पुसट रेघ असलेला, दहा-बारा ग्रॅम वजनाचा एक चिमुकला जीव, ज्याच्याकडे मी तरी दुसऱ्यांदा पाहिले नसते. आपण तिला सांगितले की हा ब्लिथचा बोरू वटवट्या. तो हिवाळा भारतीय उपखंडात काढतो, वसंतात उत्तरेकडे निघतो आणि ज्या प्रदेशांत तो घरटी करतो, त्यांत फिनलंडही आहे. तिथे तो मे महिन्याच्या अखेरीस पोहोचतो आणि जूनच्या उजळ रात्रींत इतर पक्ष्यांच्या नकला करत गात राहतो. घरी येऊन तिने वडिलांना दूरध्वनी केला. ते आपल्या गावच्या ओढ्याकाठी हे गाणे दरवर्षी ऐकतात. पक्षी येतो कुठून, हे मात्र त्यांच्या ध्यानीमनी नव्हते. आमच्या घरातल्या बाहेरच्या खोलीत त्या रात्री दोन देशांचे संभाषण एका पाखरावरून तासभर चालले आणि लेकीचा भौतिकशास्त्राचा अभ्यास तेवढा वेळ बंद पडला, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

बाकी ठिकाणांबद्दल थोडक्यात लिहिते. सेमिनरी हिल्सच्या जपानी उद्यानात ती फारशी रमली नाही. आखीव हिरवळ तिला घरच्यासारखी वाटली आणि घरच्यासारखे पाहायला ती इतक्या दूर आली नव्हती. महाराजबागेतले प्राणिसंग्रहालय १८९४ पासूनचे आणि शेजारचे कृषी महाविद्यालय १९०६ चे, या माहितीपेक्षा तिथल्या जुन्या वृक्षांच्या सावलीचा घेर पावलांनी मोजण्यात तिला अधिक आनंद वाटला. फेरी संपल्यावरचे तर्री-पोहे तिला पहिल्या दिवशी झेपले नाहीत. नंतर मात्र ती तर्री वाढून मागू लागली, असे आपणच सासऱ्यांना सांगितले आहे.

एक गोष्ट आपण कोणाला सांगणार नाही, म्हणून मी सांगते. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे रस्तोरस्ती पालापाचोळा गोळा करून पेटवून देण्याची वाईट सवय आहे. सकाळच्या फिरण्याच्या वाटेवर असा ढीग दिसला की आपण झाडणाऱ्या बायकांशी दोन शब्द बोलता, त्यांच्यासोबत तो पाला झाडाच्या बुंध्याशी सारता आणि मगच पुढे जाता. पाहुणीने हे पाहून हातात झाडू घेतला, आणि त्या बायका तिला आता नावाने हाक मारतात. उद्यान सुधारायचे म्हणजे रंगीत दिवे आणि कारंजी बसवायची, असे ज्यांना वाटते, त्यांना एखाद्या सकाळी आपल्यासोबत चालायला लावावे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

या साऱ्या फेऱ्यांसाठी आपण पेट्रोलचेही पैसे घेतले नाहीत. काकूंनी गुडघे दुखत असताना प्रत्येक वेळी सोबत केली, कारण परक्या मुलीला संकोच वाटू नये, याची काळजी त्यांना आमच्याही आधी होती. तिचे आईवडील दर आठवड्याला आमच्याशी बोलतात आणि आमचे आभार मानतात, तेव्हा त्यातला मोठा वाटा आपल्या दोघांचा आहे, हे मी त्यांना सांगितलेले आहे. त्यांनी आपल्यासाठी लिहिलेले एक पत्र आमच्याकडे आले असून त्याचे भाषांतर पाहुणीने स्वतः, आमच्या लेकीची मदत घेऊन, मराठीत केले आहे. व्याकरण दुरुस्त करू नये, अशी दोघींची विनंती आहे.

परीक्षा संपल्यापासून लेकही रोज सहाला उठते आहे. तिनेही आपल्या वहीसाठी एक कडुनिंब आणि एक मोह निवडला आहे. मोहाची फुले पहाटे वेचायला केव्हा जायचे, हे तिला आपल्याला विचारायचे आहे.

येत्या रविवारी दुपारी आपण आणि काकूंनी आमच्याकडे जेवायला यावे. वडा-भात करणार आहे. फिनलंडचे पत्र त्याच वेळी आपल्या हाती देऊ.

आपली कृतज्ञ,
अंबाझरीच्या वाटेवरील आपली शेजारीण