ई-चलान १५ दिवसांत पोहोचायला हवे

महोदय,

ई-चलानांची बातमी आली की मथळ्यात थकबाकीचा आकडा असतो. दंड वसूल व्हायलाच हवा. पण चलान असते ते चालकाची सवय मोडण्यासाठी. कितीजण सुधारले, याचा हिशेब कोणी मागत नाही.

सवय मोडायची तर चूक आणि दंड यांत फार दिवस जाता कामा नयेत. चौथ्या महिन्यात मोबाइलवर मेसेज आला, तर तो सिग्नल कुठला आणि गाडी कोण चालवत होते हेही आठवत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १६७-अ आला. कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत पाठवावी, कॅमेऱ्याआधी ठळक फलक लावावा आणि यंत्राचे प्रमाणपत्र दरवर्षी नव्याने घ्यावे, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. पुष्कळ गाड्यांच्या नोंदीत एजंटाचा किंवा बंद पडलेला नंबर असतो, म्हणून मेसेज मालकापर्यंत जातच नाही. परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा, चासीचा आणि इंजिनाचा क्रमांक हाताशी घेऊन हा मोबाइल नंबर बदलता येतो. पीयूसी काढताना किंवा विमा भरतानाच हे तपासून घ्यावे. शिवाय लोकअदालतीत दंड कमी होतो हे आता सगळ्यांना ठाऊक झाले आहे, त्यामुळे वेळेवर भरणाराच मूर्ख ठरतो. सवलत द्यायचीच तर ती लगेच भरणाऱ्याला द्या.

सिग्नलचे चलान न्याय्य वाटायचे तर चौक नीट हवा. ताशी ५० किमी वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते. पिवळा दिसल्यावर पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद, मग बेताचा ब्रेक दाबून थांबायला आणखी साधारण २८ मीटर, म्हणजे एकूण ४२. पिवळा तीन सेकंद ठेवतात तो याचसाठी. तो दोनवर आणला, तर जपून चालवणाराही लाल दिव्यात सापडतो. स्टॉप लाइन पुसट झाली की पुढचे चाक झेब्रावर जाते आणि फोटो निघतो. आधी पट्टे रंगवा, मग कॅमेरा लावा.

खरा धाक लायसन्सचा आहे, आणि तोच वापरला जात नाही. हेल्मेट नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ड मध्ये दंडाबरोबर तीन महिने लायसन्स अपात्र ठरवण्याचीही तरतूद आहे. प्रत्यक्षात पैसे भरले की विषय मिटतो. हेल्मेट आरशाला अडकवून फिरणारा आणि डोक्यावर ठेवून पट्टा न लावणारा, दोघेही कलम १२९ मोडतात. आपटल्यावर सुटा पट्टा असलेले हेल्मेट डोक्याआधी रस्त्यावर पडते. दुसरी पळवाट म्हणजे चलान गाडीच्या नावावर जाते. कंपनीच्या आणि भाड्याच्या गाड्यांत दंड मालक भरतो, चालकाला झळही लागत नाही. पोलिसांनी विचारले तर चालकाचे नाव व पत्ता देणे कलम १३३ नुसार मालकावर बंधनकारक आहे. ते विचारायला हवे.

वाहतूक शाखेने दर महिन्याला चौकवार दोन आकडे जाहीर करावेत: त्याच चालकाची तीच चूक पुन्हा किती वेळा झाली, आणि किती लायसन्स निलंबित झाली.

– एक वाचक, पुणे