बाबांचा रिपोर्ट, माझे मासे आणि जिन्याखालचं पोतं

प्रिय आई, बाबा,

परवा फोनवर बाबा परत म्हणाले "अजून मासेच कापतेस का गं" आणि मागून आई हसली, म्हणून आज लिहूनच टाकते, फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता आणि माझं राहूनच जातं.

बाबा, तुमचा लिपिड प्रोफाइलचा कागद काढा. त्यात एचडीएल आहे ना, डॉक्टर चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतात ते. चरबी रक्तात विरघळत नाही, तिला वाहून न्यायला प्रोटीन लागतं, आणि एचडीएलमधलं मुख्य प्रोटीन म्हणजे अपोलिपोप्रोटीन ए-वन. ते लिव्हरमध्ये बनतं, तुमच्याही आणि माझ्या रेनबो ट्राउट माशांच्याही. मी निरोगी लिव्हरचा तुकडा घेते, कॅन्सरच्या गाठीचा तुकडा घेते, दोन्हीतून आरएनए (जीन चालू असली की पेशीत निघणारी तिची नक्कल) काढते आणि या प्रोटीनची जीन कुठे किती चालू आहे ते मोजते. गाठीतल्या पेशी लिव्हरचं रोजचं काम सोडून देतात की उलट जास्तच करत बसतात, एवढाच प्रश्न. त्यात ट्राउटमध्ये या जीनच्या दोन कॉप्या, जवळपास सारख्या, म्हणजे जुळ्यांची हजेरी वेगवेगळी घ्यायची!

आई, आरएनए म्हणजे तुझी लोणच्याची बरणी. उघडा हात लागला की नासलं, कारण आपल्या बोटांवरच त्याला तोडणारे एन्झाइम असतात. ग्लोव्ह्ज, बर्फ, उणे 80 डिग्रीचा फ्रीजर, आजीचं सोवळं परवडलं.

आता ट्राउटच का? 1960 च्या सुमारास अमेरिकेतल्या हॅचऱ्यांमध्ये, म्हणजे माशांची पिल्लं वाढवतात तिथे, ट्राउटना धडाधड लिव्हरचा कॅन्सर व्हायला लागला, शोधता शोधता सापडलं काय तर खाद्यातली सरकीची पेंड, बुरशी लागलेली! त्या बुरशीचं विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन, आणि ट्राउटला ते अब्जात काही भाग इतकंसं पुरतं. त्याच 1960 मध्ये इंग्लंडमध्ये लाखभर टर्की मेल्या, तिथे शेंगदाण्याची पेंड होती. आणि हे सगळं गोऱ्यांच्या देशातलं नाही हां बाबा, 1974 मध्ये आपल्या बाजूलाच, राजस्थान-गुजरातच्या आदिवासी गावांत पावसात भिजून बुरशी लागलेला मका खाऊन लोकांची लिव्हर गेली, 106 माणसं दगावली.

म्हणून आता मुद्द्याचं. व्हिडिओ कॉलवर जिन्याखालचं शेंगदाण्याचं पोतं दिसलं मला, खालून ओल आलेलं. आई म्हणणार निवडून भाजून कूट करते. भाजून बुरशी मरते गं, विष पूर्ण जात नाही, आणि खवट दाणा कुटात एकदा मिसळला की शोधणार कसा तू? टाकून द्या. आणि बाबा, वाया जातंय म्हणून गुपचूप म्हशीला घालू नका, तुम्ही घालणार मला माहितीय, ते दुधात उतरतं आणि संध्याकाळच्या चहात परत तुमच्याकडेच येतं.

रविवारी फोन करते, तेव्हा कॅमेरा आधी जिन्याखाली फिरवा.

तुमची,
चिमी