अजून न दिसणाऱ्या पुळीसाठी

मिरज

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

रूममेटने पिंपल्सवर लावायला दिलेली ती ट्यूब आजपासून लावू नकोस. तू पाठवलेला फोटो मोठा करून मी त्यावरचे घटक वाचले. त्यात क्लोबेटासॉल आहे, म्हणजे चांगलंच तीव्र स्टेरॉईड. सोबत बुरशीचं एक औषध आणि एक अँटिबायोटिक. असली मिश्रणं गजकर्णापासून पिंपल्सपर्यंत सगळ्यावर चालतात म्हणून खपतात. तू चारच दिवस लावलीस, तेवढ्याने काही बिघडलेलं नाही. बंद कर, झालं.

“पण लाली लगेच गेली ना, बाबा,” असं तू म्हणालास. जाणारच. स्टेरॉईड सूज दाबतं, पुळी का येते त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. हेच दोन-तीन महिने चाललं की कातडी पातळ होते, गालावर लाल शिरा दिसू लागतात, एकसारख्या बारीक पुळ्या उठतात. ट्यूब थांबवली की चेहऱ्याची आग आग होते, म्हणून माणूस पुन्हा तीच लावतो. औषधांच्या दुकानात काउंटरपलीकडे असे चेहरे मी कितीतरी बघतो. त्यातल्या बऱ्याच जणांनी ती उजळ दिसायचं क्रीम म्हणून घेतलेली असते. 2018 साली स्टेरॉईडची मलमं शेड्यूल एचमध्ये गेली, चिठ्ठीशिवाय ती द्यायची नाहीत. तरीही ती सर्रास मिळतात, आणि या धंद्यात उभं आयुष्य गेलेल्या माणसाला ते फार सलतं.

आता मुख्य गोष्ट. आज आरशात दिसणारी पुळी आज तयार झालेली नाही. तेलाच्या ग्रंथीचं तोंड मेलेल्या पेशींनी चिकटून बंद होतं, आत तेल साठतं, तिथले जंतू वाढतात, मग सूज आणि पू. हे सगळं डोळ्यांना दिसायच्या कितीतरी आठवडे आधी सुरू झालेलं असतं. म्हणजे खरं औषध लावायचं ते अजून न दिसणाऱ्या पुळीसाठी. हे एकदा पटलं की बाकीच्या सूचना तुला पाठ करायला लागणार नाहीत.

डॉक्टर तुला बहुधा अडॅपलीन लिहून देतील, 0.1 टक्क्याचं. छिद्रं बुजू न देणं हे त्याचं काम. ते पुळीवर टिकली लावल्यासारखं लावायचं नसतं. रात्री चेहरा धुऊन पूर्ण कोरडा झाला की हरभऱ्याएवढं घ्यायचं आणि सगळ्या चेहऱ्यावर पातळ पसरायचं, डोळ्यांच्या कडा आणि ओठांचे कोपरे सोडून. सुरुवातीला एक रात्र आड. पहिले काही आठवडे कातडी सुकेल, सालं निघतील, पुळ्या कदाचित वाढल्यासारख्या वाटतील. नेमकं इथेच लोक सोडून देतात आणि “मला ते सूट झालं नाही” म्हणतात. साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर लाव, सकाळी सनस्क्रीन लाव आणि थांब. फरक कळायला 8 ते 12 आठवडे लागतात. चेहरा साफ झाल्यावरही ते चालू ठेवायचं असतं. प्रतिबंध म्हणतात तो हाच.

सनस्क्रीनला नाक मुरडू नकोस. आपल्या सावळ्या कातडीत पुळी जाते पण काळा डाग महिनोन्महिने राहतो, आणि उन्हाने तो आणखी गडद होतो. फोडलेल्या पुळीचा तर खड्डाही राहू शकतो. तेव्हा हात लावू नकोस. लिंबू, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा यातलं काहीही चेहऱ्यावर नको. आजी हळद लावायला सांगेल. तिला हो म्हण आणि दुधात घालून पी.

पाठ आणि छाती हा वेगळा विषय आहे. तिथे बेन्झॉइल पेरॉक्साइडचा वॉश चांगला. अंघोळीत लावायचा, दोन-तीन मिनिटं तसाच ठेवायचा, मग धुवायचा. जंतू या औषधाला सरावत नाहीत, हा त्याचा मोठा गुण. अँटिबायोटिकचं तसं नाही, म्हणून नुसतं क्लिंडामायसिनसारखं अँटिबायोटिक लावत बसू नये. मात्र पेरॉक्साइडने रंगीत टॉवेल आणि शर्ट पांढरे पडतात. पांढरे पंचे पाठवतोय, तेच वापर.

पण एक नीट बघ. पाठीवरच्या पुळ्या सगळ्या एकाच आकाराच्या आहेत का? खाजतात का? तसं असेल तर ते मुरूम नसतीलही. मुंबईच्या दमट हवेत, लोकलच्या गर्दीत घामेजलेला शर्ट दिवसभर अंगावर राहिला की कातडीवरचं यीस्ट केसांच्या मुळाशी वाढतं आणि हुबेहूब मुरमांसारखं दिसतं. त्यावर अँटिबायोटिक घेतलं तर ते उलट वाढतं. औषध वेगळं, बुरशीचं. हे फोटोवरून मी ठरवणार नाही, डॉक्टरांनी प्रत्यक्ष बघायला हवं. जिममधून आल्यावर लगेच अंघोळ कर, सुती बनियन घाल. सॅकच्या पट्ट्याखाली आणि हेल्मेटच्या पट्ट्यापाशी जास्त येत असतील तर घासण्यामुळेही येतात.

जिमचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट विचारतो. तिथे कोणी इंजेक्शन किंवा गोळ्या देतोय का? टेस्टोस्टेरॉनच्या जातीच्या औषधांनी छाती-पाठ फोडांनी भरून जाते, आणि नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. असेल तर मला सांग, मी रागावणार नाही. नुसती व्हे, म्हणजे दुधातल्या प्रथिनांची पावडर असेल तर दोन-तीन महिने बंद करून बघ. काही जणांचे मुरूम त्याने वाढतात.

आई म्हणते तळलेलं सोड. खरा संशय साखर-मैद्यावर आहे. 2007 साली मेलबर्नच्या संशोधकांनी 43 तरुणांवर अभ्यास केला. त्यातल्या ज्यांनी 12 आठवडे रक्तातली साखर झटकन न चढवणारं जेवण घेतलं, त्यांचे मुरूम इतरांपेक्षा जास्त कमी झाले. तेव्हा रात्रपाळीतली कोल्ड्रिंक आणि बिस्किटं बंद. पोळी-भाजी, उसळ खा. पण जेवण हे औषधाच्या जागी नाही.

28 व्या वर्षी पिंपल्स कसले, असं तुला कोणी म्हणत असेल तर म्हणू दे. पंचविशीनंतर मुरूम येणारे पुष्कळ असतात. तू घाणेरडा राहतोस म्हणून हे होत नाही, आणि दिवसातून पाच वेळा तोंड धुऊन जाणारही नाही, दोनदा पुरे. ताईच्या लग्नानंतर सगळी पोरं कृष्णेत उतरली आणि तू घाटावर शर्ट घालून बसून राहिलास, ते मी पाहिलं होतं. पोहायला तुला मीच शिकवलं. एखादा आजार माणसाचं पोहणं बंद करत असेल तर तो क्षुल्लक नाही. त्यावर रीतसर उपचार घ्यायचे असतात.

गाठी दुखत असतील, खड्डे पडत असतील तर डॉक्टर आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या सुचवतील. घाबरू नकोस, पण चेष्टाही समजू नकोस. आधी लिव्हर आणि ट्रायग्लिसराइडच्या, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासण्या, गोळी जेवणाबरोबर, ओठ सुकतात, दारू नको, आणि कोर्स चालू असताना व संपल्यावर महिनाभर रक्तदान करायचं नाही. मन उदास वाटलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना आणि मला फोन. डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक दिलं तर पेलाभर पाण्याबरोबर घे, घेऊन लगेच आडवा होऊ नकोस. ते आणि आयसोट्रेटिनॉइन ही दोन औषधं एकत्र कधीच घ्यायची नाहीत.

या शनिवारी सुट्टी आहे ना? त्वचारोगतज्ज्ञाची वेळ आजच घे. ट्यूब सोबत ने, पावडरचा डबाही ने. तिथे शर्ट काढून पाठ दाखव, लाजू नकोस. चिठ्ठीचा फोटो मला पाठव.

तुझे,
बाबा